शेतराखण आणि क्ले: सातारा-सांगलीत परवडणारी बाराबोअर निवडताना

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बाराबोअर, म्हणजे १२ बोअरची छर्ऱ्याची बंदूक, घ्यायला निघालेली माणसं साधारण दोन वाटांनी येतात. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरकडेला रानडुकरांनी भुईमूग उकरला, भात लोळवला, ऊस चघळून थोटकं ठेवली की शेतकरी बंदुकीचा विचार करू लागतो. कराड, सांगली, मिरजेकडची तरुण मुलं ट्रॅप आणि स्कीट, म्हणजे उडत्या तबकड्या (क्ले) फोडण्याचे नेमबाजीचे प्रकार, बघून या खेळाकडे वळतात. कमी पैशात चांगली बंदूक दोघांनाही हवी असते, पण दोघांची चांगली बंदूक एकच नसते. एका बंदुकीत दोन्ही कामं भागवता येतात. त्यासाठी कुठे तडजोड करावी लागते ते पुढे येईलच.

शिकारीचं काय

हौसेची शिकार आपल्या देशात बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात १९९१ च्या दुरुस्तीनं उरलीसुरली वाटही बंद झाली. ससा, तितर, लावा, भेकर, मोर यांपैकी कशावरही परवान्याची बंदूक रोखता येत नाही. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनंच ते मारता येतं. म्हणून आधी वनक्षेत्रपालांकडे अर्ज, पंचनामा, हातात कागद, आणि मग बार. मारलेलं जनावर कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता असते. मटण वाटणं, विकणं, घरी नेणं हा सरळ गुन्हा आहे. गवा अनुसूची १ मध्ये येतो, तेव्हा गव्यानं मका तुडवला तर बंदुकीचा संबंधच नाही, भरपाईचा अर्ज करायचा. द्राक्षबागेतल्या पाखरांवरही बंदूक हा उपाय नव्हे, तिथे जाळीच लावावी.

कोयना, चांदोली आणि सागरेश्वर यांच्या आसपास राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते, आणि आधीपासून परवाना असलेल्यांनी वनखात्याकडे नाव नोंदवायचं असतं. पाटण, जावळी, शिराळा, कडेगाव भागातले बरेच अर्ज इथेच अडकून पडतात. आपलं गाव त्या पट्ट्यात येतं का, हे बंदूक बघायला जाण्यापूर्वी विचारून घ्या.

परवान्यावर काय लिहिलंय, त्यावर बंदूक ठरते

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. नमुना ए-१ मधला अर्ज, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, पोलीस पडताळणी हे सगळ्यांनाच लागतं. शेतराखणीसाठी मागत असाल तर सातबारा आणि आधीच्या नुकसानीचे पंचनामे जोडा. 'डुकरं त्रास देतात' या वाक्यापेक्षा वनखात्याचा शिक्का असलेला पंचनामा जास्त चालतो. वय किमान २१. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो.

परवान्यावर उद्देश आणि क्षेत्र दोन्ही नमूद असतं. फक्त शेतराखणीसाठी, ठरावीक क्षेत्रापुरता परवाना असेल तर तीच बंदूक पुण्याच्या किंवा दिल्लीच्या रेंजवर नेता येत नाही. दोन्ही कामं डोक्यात असतील तर अर्ज भरतानाच खेळाचा उद्देश आणि राज्यभराचं किंवा देशभराचं क्षेत्र मागावं. नंतर बदल करून घेण्यात महिने जातात.

नळी २० इंचांपेक्षा आखूड असलेली बंदूक घेऊ नका, कुणी फुकट दिली तरी. ती निर्बंधित वर्गात जाते. सेमी-ऑटोमॅटिकही साध्या परवान्यावर मिळत नाही. गावठी कट्टे आणि विनानंबरी एकनळ्या डोंगरी भागात कुठेकुठे निघतात. त्या स्वस्त दिसतात, पण त्यांची नळी कशी बनली, काय दाब सोसते, हे सांगणारा कुणी नसतो. आणि बाराबोअरच्या काडतुसात दर चौरस सेंटीमीटरला ६०० किलोंच्या वर दाब तयार होतो, तो तुमच्या डाव्या तळहाताच्या अगदी वर.

कोणत्या घडणीची

ठासणीची बंदूक सगळ्यात स्वस्त, आणि शेतराखणीसाठी तिचा उल्लेख शस्त्र कायद्यातच आहे. पण पाटणच्या पावसात काळी दारू ओली होते, एक बार गेला की पुन्हा भरायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, आणि दुहेरी ठासली गेली तर नळी फुटते. घाबरवण्यापुरती ती ठीक. जखमी डुक्कर उलटून आलं तर तिचा काही उपयोग नाही.

एकनळी, मोडून भरायची, ही सर्वांत कमी खर्चाची खरी बाराबोअर. हलकी असते, बिघडायला फार काही नसतं. हलकी असल्यामुळे धक्का मात्र जोरात बसतो. क्लेला ती चालत नाही, कारण ट्रॅपमध्ये एका तबकडीवर दोन बार मारायची मुभा असते आणि स्कीटमध्ये जोडीच्या तबकड्या सुटतात.

शेजारी-शेजारी दोन नळ्यांची दुनळी हा आमच्या मते या भागातला सर्वांत शहाणपणाचा सौदा. सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची, जम्मू किंवा मुंगेरच्या खासगी कारखान्यांची, किंवा जुनी विलायती, अशा तिन्ही वाटांनी ती मिळते. दोन चाप असतील तर उत्तम: पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा, आणि एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो. २८ इंची नळी, ७० मिमी चेंबर (काडतूस बसण्याची जागा), उजवी नळी अर्ध्या किंवा पाव चोकची (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळ), डावी फुल, वजन ३.१ ते ३.३ किलो. 'दोन्ही कामांना एक' अशी बंदूक हवी असेल तर हेच मोजमाप धरा.

खाली-वर नळ्यांची बंदूक क्लेसाठी सरस. एकच अरुंद पट्टी नजरेसमोर राहते, ३.५ किलोच्या आसपासचं वजन धक्का गिळतं, हात तापलेल्या नळीला लागत नाही. पण चांगली नवी खाली-वर सहसा परदेशी असते, आणि आयातीची वाट पात्रता गाठलेल्या खेळाडूंपुरतीच आहे. देशात आधीपासून असलेली, परवान्यावर नोंदलेली जुनी खाली-वर मिळाली तर तिला मोठी किंमत मोजावी लागते. पहिल्या वर्षी ते पैसे काडतुसांत घाला. क्लबच्या रेंजवर क्लबची बंदूक प्रशिक्षकासमोर वापरता येते, तोवर स्वतःची घेण्याची घाई करू नये.

पंप ॲक्शन, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून भरायची, आपल्याकडे ऑर्डनन्स फॅक्टरीचीच दिसते. घराच्या राखणीला ती चालते. ऑलिंपिक ट्रॅपच्या रेंजवर मात्र पंप घेऊन उभं राहणारा दिसत नाही, कारण दुसऱ्या बारासाठी हात पुढेमागे करताना नळी तबकडीवरून निसटते.

आजोबांची बंदूक घरात असेल तर तीच सर्वांत स्वस्त. परवानाधारकाचं निधन झाल्यावर वारसाच्या नावावर होतेच, पण धारकानं सत्तरी गाठली असेल किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली असेल तर हयातीतही कायदेशीर वारसाकडे देण्याचा अर्ज करता येतो. निवृत्त फौजी घरांतून साताऱ्यात अशा बऱ्याच दुनळ्या आहेत. ती वापरण्यापूर्वी खालची तपासणी जशीच्या तशी करा. घरची आहे म्हणून सूट नको.

चेंबरची लांबी: इथे चूक झाली तर नळी जाते

चेंबर म्हणजे काडतूस बसण्याची जागा. बाराबोअरमध्ये सहसा तीन लांब्या दिसतात: ६५ मिमी (अडीच इंच), ७० मिमी (पावणेतीन इंच) आणि ७६ मिमी (तीन इंच). काडतुसाच्या डब्यावर असते ती लांबी बार झाल्यानंतरच्या, उघडलेल्या नळकांड्याची. भरलेलं ७० मिमीचं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे ५८-६० मिमीच भरतं. म्हणून ते ६५ मिमीच्या चेंबरमध्ये अगदी अलगद बसतं, बंदूक बंद होते, आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. बार होताना दुमड उघडायला जागा नसते, ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. पहिल्याच बाराला नळी फुटेल असं नाही. आधी ॲक्शन, म्हणजे नळी मागून बंद करून धरणारा लोखंडी भाग, सैल होत जाते, धक्का वाढलेला जाणवतो, आणि एक दिवस दस्ता (खांद्याला टेकणारं लाकूड) चिरतो किंवा नळी फुगते.

जुन्या विलायती दुनळ्या बहुतेक ६५ मिमीच्या असतात. नळ्या काढून त्यांच्या खालच्या सपाट भागावरचे शिक्के भिंगातून वाचा. चौकटीतला १२ हा आकडा आणि त्याजवळ २½ किंवा २¾ दिसेल. 'नायट्रो प्रूफ' किंवा एनपी अशी अक्षरं नसतील तर ती बंदूक बहुधा काळ्या दारूच्या जमान्यातली आहे, आजची बिनधुराची काडतुसं तिच्यात घालू नयेत. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटलेली असेल तर ती दमास्कस. दिसायला सुंदर, पण भिंतीवर शोभणारी. शिक्के घासून गेले असतील तर गनस्मिथकडून चेंबर गेजनं मोजून घ्या. भारतीय बंदुकीवर कारखान्याचं नाव, नंबर, वर्ष आणि चाचणीचा शिक्का असायलाच हवा. नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं आपल्याकडे सहज मिळतात. डबा घेताना नावाआधी लांबी वाचा.

आणखी एक जीवघेणी चूक: २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत सरकून चेंबरच्या पुढे अडकतं. नळी रिकामी वाटते, मागून १२ चं काडतूस घातलं जातं, आणि नळी हातातच फुटते. घरात दोन बोअरच्या बंदुका असतील तर काडतुसं वेगवेगळ्या पेट्यांत, वेगळ्या खोल्यांत ठेवा.

जुनी बंदूक तपासताना

दुकानात उजेड भरपूर असावा. सोबत एक मऊ फडकं, छोटा स्प्रिंग काटा आणि दोन स्नॅप कॅप, म्हणजे चापाच्या चाचणीसाठीची खोटी काडतुसं, घेऊन जा. रिकामा चाप ओढत बसलात तर फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) तुटते आणि दुकानदारही नाराज होतो.

आधी उघडून दोन्ही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानं बघा. मग पुढचं लाकूड काढा, बंदूक बंद करा, दस्ता काखेत धरून नळ्या वरखाली आणि आडव्या हलवा. खटखट जाणवली तर सांधा झिजला आहे. आता बंद बंदूक उजेडाकडे धरून नळी आणि ॲक्शन यांच्यामधल्या फटीतून बघा. उजेड दिसायला नको. बंदूक उघडायची वरची कळ बंद स्थितीत मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे थांबत असेल तर अजून आयुष्य आहे. रेषेवर किंवा डावीकडे गेली असेल तर सांधा पुन्हा बसवून घ्यावा लागेल, आणि तो खर्च किमतीतून वजा करायचा.

नळ्या सुट्या करून त्यांच्या खालच्या लोखंडी हुकात बोट घालून लटकवा आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारा. घंटेसारखा नाद लांबला तर छान. भदाडा, मेलेला आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली आहे. आत पाणी जाऊन तिथे वर्षानुवर्षं गंज चढलेला असतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्यानंतर नळी खिडकीकडे धरून आरपार बघा. आतल्या चकाकीत काळी गोल कडी दिसली तर तिथे फुगवटा आहे. बाहेरून बोटं फिरवली की तो लागतोही. चेंबरच्या पुढचे गंजाचे खोल खड्डे हा किमतीवर घासाघीस करण्याचा विषय नाही, बंदूक सोडून देण्याचा आहे. तोंडाकडचे बारीक ठिपके चालतील. नळीची जाडी गनस्मिथ मोजून देतो, ती सर्वांत पातळ जागी अर्ध्या मिलिमीटरच्या खाली नसावी. खड्डे घासून काढलेल्या नळ्या आतून आरशासारख्या दिसतात आणि भिंत मात्र पातळ झालेली असते, म्हणून चकाकीवर विश्वास न ठेवता मोजमाप मागा.

चापाला काटा अडकवून ओढ मोजा: पुढचा साधारण पावणेदोन किलो, मागचा दोनच्या आसपास. दीड किलोच्या खाली चाप सुटत असेल तर ती बंदूक गडबडीत, थंडीत, घामेजल्या बोटानं नको तेव्हा सुटते. स्नॅप कॅप घालून बंदूक बंद करा, सेफ्टी लावा, दोन्ही चाप जोरानं ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. 'टक' ऐकू आलं तर आतली झीज धोक्याची आहे. सेफ्टी काढून दस्त्याचं बूड जमिनीवरच्या रबरी चटईवर ठोका; घोडा (आत फायरिंग पिनवर आदळणारा भाग) पडायला नको. लक्षात घ्या, बहुतेक बंदुकांत सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही.

दस्ता ॲक्शनच्या लगेच मागे आणि मुठीच्या बारीक भागात तपासा. जुन्या तेलानं काळं पडलेलं लाकूड मऊ होतं आणि केसासारखी चीर पॉलिशखाली लपते. मुठीत धरून हलकंच पिळा, चीर असेल तर करकर ऐकू येते.

शेवटी परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर आकडा-आकडा जुळवा. नळीवर एक आणि ॲक्शनवर दुसरा नंबर असेल तर नळ्या बदललेल्या आहेत. खासगी धारकाकडून घेत असाल तर विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जावे लागतात. त्या आधी बंदूक हलवू नका, पैसेही पूर्ण देऊ नका.

अंगाला बसते का

छर्ऱ्याच्या बंदुकीला मागची माशी (नेम धरायची खूण) नसते, तिचं काम तुमचा डोळा करतो. म्हणून दस्त्याचं माप चुकलं तर कितीही महागडी नळी वर, खाली किंवा बाजूलाच मारते. स्वस्त बंदूक घेणाऱ्यांनी यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण सुताराच्या हातची दुरुस्ती स्वस्त आहे आणि फरक मोठा पडतो.

पुढच्या चापापासून दस्त्याच्या बुडाच्या मध्यापर्यंतची लांबी साडेपाच ते पावणेसहा फूट उंचीच्या माणसाला साधारण पावणेचौदा ते सव्वाचौदा इंच लागते. कोपराच्या वळणात दस्ता धरून बोट चापाला लावून बघण्याची पद्धत दुकानात चालते, तिच्यावर जाऊ नका; मानेची लांबी आणि छातीची रुंदी तिच्यात येतच नाही. रिकामी बंदूक तपासून घ्या, भिंतीवरच्या एका खुणेकडे बघा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला आणि गालाला नेहमीसारखी लावा, डोळे उघडा. नजर पट्टीच्या बरोबर मधून, माशी खुणेवर असायला हवी. पट्टीचा वरचा भाग फार दिसतो तर दस्त्याची गालाकडची धार उंच आहे. डोळ्यासमोर नुसती वरची कळच येते तर ती धार खाली आहे. पट्टी डावीकडून दिसते तर दस्ता उजवीकडे थोडा वळवून घ्यावा लागेल. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्यांना हे बहुतेक लागतंच. दहादा करा, जाड जॅकेट घालून आणि शर्टावर, दोन्ही.

त्याआधी आपला मुख्य डोळा कोणता ते बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबावर बोट रोखा, मग डावा डोळा मिटा. बोट खांबावरच राहिलं तर उजवा डोळा मुख्य. बोट सरकलं तर डावा. उजव्या खांद्याचा आणि डाव्या डोळ्याचा माणूस पुष्कळ ठिकाणी सापडतो. त्यानं डाव्या काचेवर छोटा धूसर तुकडा चिकटवावा किंवा सरळ डाव्या खांद्यानं शिकावं. बंदूक बदलून त्याचा प्रश्न सुटत नाही.

कागदावरची चाचणी १६ यार्डांवरून, म्हणजे सुमारे साडेचौदा मीटरवरून करतात. मोठ्या कागदावर ठिपका काढून न थांबता, न नेम धरता, पाच-सहा बार. छर्ऱ्यांच्या झुबक्याचा मध्य ठिपक्यापासून जितके इंच सरकला, तितका सोळावा हिस्सा इंच दस्त्यात फरक करायचा. दोन इंच खाली लागत असेल तर गालाची धार अष्टमांश इंच उंच हवी. तेवढ्यासाठी चामड्याचे पातळ थर चिकटपट्टीनं बांधून बघा, पटलं की मग लाकूड.

चोक, छर्रा आणि कागद

चोक म्हणजे नळीच्या तोंडाला दिलेला आवळ. अर्धा चोक सुमारे अर्धा मिलिमीटर, फुल चोक सुमारे एक. मोजायची पद्धत ठरलेली आहे: ४० यार्ड, म्हणजे सुमारे ३६.६ मीटरवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात एकूण छर्ऱ्यांपैकी किती पडले. सरळ नळी ४० टक्के, पाव चोक ५५, अर्धा ६०, फुल ७०. आपल्याकडे छर्ऱ्याचे नंबर विलायती पद्धतीचे: एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, ६ नंबरचे २७०, ७ नंबरचे ३४०, आणि मोठ्या छर्ऱ्यांत बीबीचे ७०, एसजीचे ८, एलजीचे ६.

नळीवर 'फुल' कोरलं म्हणजे ती फुल मारते असं नाही. जुन्या बंदुकांची तोंडं कापलेली, घासलेली असतात. दीड मीटर लांब-रुंद कागद रेंजवर लावा, दर नळीला किमान तीन बार, सर्वांत दाट जागेभोवती वर्तुळ काढा, छर्रे मोजा. दोन्ही नळ्यांचे मध्य एकाच जागी येतात का तेही बघा. चार इंचांपेक्षा जास्त अंतर पडत असेल तर नळ्यांची जुळणी बिघडली आहे आणि ती दुरुस्ती महाग पडते.

डुकरासाठी वर्तुळ वेगळं: २५ मीटरवर २५ सेंटीमीटरचं. वर्मी लागण्याची जागा एवढीच असते. एका काडतुसातल्या एसजीच्या नऊ छर्ऱ्यांपैकी पाच तरी आत पडायला हवेत. पडत नसतील तर आधी दुसरी नळी वापरून बघा. मोठे छर्रे फुल चोकमधून कधी कधी एकमेकांवर आदळून उलट पसरतात आणि अर्ध्या चोकमधून दाट पडतात. तरीही जमेना तर अंतर २० वर आणा. ३० मीटरपलीकडे बार टाकू नये. पोटात दोन छर्रे घेऊन उसात शिरलेलं डुक्कर सकाळी पाणी पाजायला गेलेल्या माणसावर येतं.

एसजीचा छर्रा ६०० मीटरच्या पुढे जाऊ शकतो, ७ नंबरचा २०० मीटरच्या आत पडतो. आपल्याकडे दर दोन शेतांआड वस्ती आहे, उसात रात्री पाण्यावर माणसं असतात. म्हणून मचाणावरून खाली मारावं, बांधाची माती मागे असावी, आणि आवाजावर किंवा हलणाऱ्या शेंड्यावर कधीही नाही. बॉल किंवा स्लग (छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी) आवळलेल्या चोकमधून टाकू नका, काडतुसाच्या डब्यावर तशी स्पष्ट परवानगी नसेल तर.

क्लेसाठी

तबकडी ११० मिमी व्यासाची, १०५ ग्रॅमची, डांबरी राळ आणि चुनखडीच्या भुकटीची. आंतरराष्ट्रीय नियमात काडतूस २४ ग्रॅम छर्ऱ्यांचं. ७ नंबरचे धरले तर २९० च्या आतबाहेर छर्रे होतात. एक फेरी २५ तबकड्यांची. ट्रॅपमध्ये तबकडी तुमच्यापासून दूर पळते आणि ३०-३५ मीटरवर फुटते, म्हणून तीन-चतुर्थांश आणि फुल चोक, ३० इंची नळी. स्कीटमध्ये ती २० मीटरच्या आसपास आडवी जाते, म्हणून जवळजवळ सरळ नळी आणि ९ नंबर. अर्धा-फुल चोकच्या दुनळीनं ट्रॅप शिकता येतो. स्कीटमध्ये त्याच बंदुकीचा झुबका हातभरही पसरत नाही आणि नवशिक्या विनाकारण खचतो. दोन्हीसाठी एकच दुनळी घेतली असेल तर ट्रॅपनं सुरुवात करा.

खर्चाचा हिशेब बंदुकीवर संपत नाही. सरावाच्या एका दिवसात चार फेऱ्या म्हणजे १०० तबकड्या, ट्रॅपमध्ये दुसऱ्या बारासकट दीडशेच्या वर काडतुसं. वर्षभरात काडतुसांची रक्कम साध्या दुनळीच्या किमतीला सहज मागे टाकते, त्यात तबकड्या, रेंजची फी, पुण्या-मुंबईचा प्रवास. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतात ते लिहिलेलं असतं. शेतराखणीच्या संख्येत क्लेचा सराव होत नाही, ती वाढवून घ्यावी लागते. कानात प्लग आणि डोळ्यांवर चष्मा हा खर्च कधीच वाचवू नका.

बार 'फुस्स' झाला, आवाज दबका आला, तर थांबा. बंदूक उघडा, नळीतून आरपार बघा. वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला बूच) आत अडकला असेल आणि मागून दुसरा बार गेला तर नळी फुगते. चाप ओढून काहीच झालं नाही तर नळी समोरच रोखून ३० सेकंद मोजा, मग उघडा.

पावसाळा

बंदुका वापरानं कमी आणि आपल्या जून ते सप्टेंबरच्या ओलाव्यानं जास्त मरतात. बार झाल्याच्या संध्याकाळीच ब्रॉन्झ ब्रशनं नळी घासा, फडकं फिरवा, तेलाचा अगदी पातळ हात द्या. तेल जास्त झालं तर ओघळून लाकडात मुरतं, म्हणून तोंड खाली करून ठेवा. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. कुलपाच्या लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पंधरा दिवसांनी उन्हात वाळवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. पितळेवर हिरवट चढलेली, बूड फुगलेली, चेंबरमध्ये दाबून घालावी लागणारी काडतुसं वापरायची नाहीत. ती विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा, विहिरीत टाकू नका.

निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात बंदूक जमा करायचा आदेश आला तर देण्याआधी नळीला आतून-बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेल लावा, कापडी पिशवीत घाला, पिशवीवर नाव आणि परवाना क्रमांक लिहा. पावतीवर बंदुकीचा नंबर, नळ्यांची स्थिती आणि दस्त्यावरचे ओरखडे नोंदवून घ्या. परत घेताना ठाण्यातच उघडून नळीतून बघा आणि मगच सही करा.